पान मऊ पडलंय, आक्का

आक्का, काल तुमच्या कपाटातलं तंबाखूचं पान माझ्या बोटाला चिकटलं. नुसतं वाकलं असतं तर मी काही बोलले नसते. पण चिकटलं. तुम्ही असतात तर घर डोक्यावर घेतलं असतं, आणि मी नेहमीसारखं म्हटलं असतं, "अहो आक्का, टिळकवाडीतला श्रावण हाय, पान चिकटणारच की." आता हे ऐकायला समोर कुणी नाही, म्हणून लिहायला बसले. वाद अर्धवट टाकून स्वयंपाकघरात निघून जायची तुमची सवय जुनीच होती. या वेळी मात्र अतीच केलंत.

तुम्ही गेलात त्या आठवड्यात शाळेत रजा मागायला गेले. मोठ्या बाईंनी विचारलं, कोण गेलं? "जाऊ," म्हटलं. त्यांचा चेहरा जरा सैल पडला. आई किंवा बहीण म्हटलं असतं तर उठून त्यांनी हात धरला असता. जावेसाठी कुणी उठत नाही. मला तिथंच सांगावंसं वाटलं की बाई, या जावेशी मी लग्न झाल्यापासून एकही पावसाळा न चुकवता भांडलेय, आणि तेही दागिन्यांवरून किंवा वाटणीवरून नाही, भिंतीवरच्या बुरशीवरून. पण हे ऐकून त्यांनी मला मागितल्यापेक्षा जास्तच रजा दिली असती, म्हणून नुसता अर्ज पुढं सरकवला.

तुम्ही निपाणीच्या, तंबाखूच्या व्यापाऱ्याची लेक. मी नंदगडकडच्या खेड्यातली. तिथं पाऊस एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही, आणि बुरशी घरातल्या माणसासारखी नांदते. तुमच्या धाकट्या दिराशी लग्न करून मी मराठ्याची पोर या जैन घरात आले, तेव्हा सगळ्यांना वाटलं की या दोघी कांद्यालसणावरून भांडणार. कांद्याचं मी पहिल्याच महिन्यात मिटवलं. घरात सोडला, आणि बाहेर कुठं चांगली भजी मिळतात ते मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत होतं की मला माहीत आहे.

पहिलं भांडण झालं माझ्या लग्नातल्या साडीवरून. माझ्या खोलीत ओल होती म्हणून तुम्ही ती प्रेमानं स्वतःच्या कपाटात ठेवून घेतलीत. शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी ती नेसून गेले, आणि शेजारी बसलेल्या बाईंनी मला हळूच विचारलं, "तुमचे मिस्टर तंबाखू खातात का हो?" घरी येऊन मी तणतणले.

"आक्का, साडीला तंबाखूचा वास मारतोय!"

"मारू दे की. बुरा तर न्हाय न्हवं आला?"

मग तुम्ही कपाट उघडून दाखवलंत. वरच्या फळीखाली दोऱ्यानं एक अख्खं तंबाखूचं पान टांगलेलं. तुमच्या वडिलांच्या वखारीत माल घेताना पान चिमटीत धरून ओल ओळखायचे, तीच युक्ती तुम्ही लग्नात माहेराहून आणलीत. दरवर्षी तुमचा भाऊ पानांची एक जुडी पाठवायचा. तुमचा नियम मला अजून तुमच्या आवाजात ऐकू येतो. "पान वाजलं तर झोप गं. वाकलं तर लक्ष ठेव. बोटाला चिकटलं तर ऊठ, बुरा दारात आलाय."

मी विज्ञानाची शिक्षिका. मी हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र आणून त्याच फळीवर ठेवलं. यंत्रातला आकडा आणि तुमचं पान यांचं बहुतेक जुळायचं, आणि नेमकं तेच आपल्या दोघींनाही आवडायचं नाही. तुम्ही आकड्याकडं बघायचा नाहीत आणि मी पानाला हात लावायची नाही. आप्पा, तुमचे मिस्टर आणि माझे मोठे दीर, तेवढे दोन्हीकडं बघायचे आणि कुणाचीही बाजू न घेता पेपर उघडायचे.

पण आपला खरा वाद निराळाच. तो सुरू झाला त्या पावसाळ्यात मागच्या खोलीत, म्हणजे तुमच्याच खोलीत, पावसाच्या बाजूच्या भिंतीवर काळे ठिपके उठले होते. मी बादलीत ब्लीचिंग पावडर कालवून तयार. तुम्ही दारात आडव्या उभ्या राहिलात.

"चातुर्मास हाय, शैले. जीव हाय त्यो."

मी हसले. शाळेत पाठ झालेलं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं, की ही वनस्पती नाही, प्राणीही नाही, हिची सृष्टीच निराळी. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत.

"हाय ती सजीव का निर्जीव?"

"सजीवच की."

"मग? शाळेत पोरास्नी सजीव म्हणून शिकवतीस, आणि घरी येऊन बादली घेऊन मारालीस व्हय?"

इतकी वर्षं मी वर्गात पोरांना गप्प बसवतेय. मला गप्प बसवणाऱ्या तुम्ही एकट्या. आजही तो पाठ शिकवताना 'सजीव' शब्दाशी आले की मी नकळत दाराकडं बघते.

पण तुम्ही बुरशीला घरात नांदू देणाऱ्यातल्याही नव्हतात. भिंतीवर ती तशीच ठेवली तर वाढणार, म्हणजे आणखी जीव, आणि मग एक दिवस ते सगळेच पुसावे लागणार. तुमचं गणित सरळ होतं. येऊ दिली हे पहिलं पाप, मारली हे दुसरं. "पयलं पापच करायचं न्हाय, म्हंजे दुसरं ऱ्हातंच कुठं?" म्हणून ज्येष्ठ लागला की तुम्ही पदर खोचायचात. सगळी कपाटं भिंतीपासून हातभर पुढं ओढायची, मागून वारा फिरला पाहिजे. गाद्या-रजया गच्चीवर. बाहेरच्या भिंतीच्या भेगा पावसाआधी बुजवून घ्यायच्या. न्हाणीघराची खिडकी अंघोळीनंतर उघडी, वाफ घरात शिरता कामा नये. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालणाऱ्याला जेवण उशिरा. हे शेवटचं कलम तुमच्या दिरासाठी होतं.

रंगावरून आपलं जे झालं ते अजून मिटलेलं नाही, हे इथं नमूद करून ठेवते. मी म्हणायची, भिंतींना धुता येणारा गुळगुळीत रंग द्या. तुम्ही म्हणायचात, चुना द्या, त्या रंगानं भिंतीचा जीव गुदमरतो, आतली ओल आतच कोंडते. शेवटी मागच्या भिंतीला माझा रंग लावला आणि दोनच पावसाळ्यांत त्याचे फोड आले. तेव्हा तुम्ही नुसत्या त्या फोडांवरून बोट फिरवत राहिलात. पण आक्का, स्वयंपाकघराच्या आतल्या भिंतीला तोच रंग आहे, आणि तो अजून ठणठणीत आहे. बाहेरून ओल येणाऱ्या भिंतीला चुना, आतल्या भिंतीला माझा रंग, असा निकाल मी आता एकटीनं लावतेय. हरकत असेल तर येऊन सांगा.

एवढं करूनही एखाद्या वर्षी बुरशी यायचीच. मग आपल्या घरात जे व्हायचं ते दुसऱ्या कुठल्या घरात होत असेल असं वाटत नाही. तुम्ही देवापुढं वाहायच्या तांदळाची छोटी पिशवी उचलायचात आणि म्हणायचात, "मी बस्तीला जाऊन येते. तू काय करायचं ते कर." एवढंच. तुम्ही जैन मंदिरात देवाच्या पायाशी आणि मी तोंडाला फडकं बांधून भिंतीशी. आधी साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं पुसायचं. कोरडा झाडू लावायचा नाही, नाहीतर ती घरभर उडते. मग ब्लीचिंगचं पाणी, त्यात दुसरं काहीही न मिसळता, खिडक्या उघड्या टाकून. मग भिंत खडखडीत वाळेपर्यंत पंखा. हे सगळं आटपेपर्यंत तुम्ही परत यायचात, उंबऱ्यावर थांबायचात आणि कन्नडमध्ये विचारायचात, "आतु?"

घरात आपण दिवसभर मराठी बोलायचो. हा एवढा एकच प्रश्न तुम्ही कधी मराठीत विचारला नाहीत. "झालं का?" म्हणायला तुमची जीभ अडायची. मीही उत्तर त्याच भाषेत द्यायची. "आतु." मग तुम्ही आत यायचात.

त्या दिवशी तुम्ही अळणी जेवायचात. मला बरीच वर्षं वाटायचं, असेल एखादं व्रत, तुमच्या व्रतांना काही तोटा नव्हता. मग एकदा लक्षात आलं की तुम्ही मीठ नेमकं माझी बादली बाहेर आली त्याच दिवशी सोडता. मी पोळी लाटता लाटता थांबले.

"आक्का, मारली मी. पाप असलंच तर त्ये माजं. आणि मीठ तुमी सोडायचं? ह्ये कुठलं शास्त्र?"

तुम्ही वर न बघता म्हणालात, "तू ह्या घरात आलीस न्हवं? मग तुजं आणि माजं निराळं कसं गं?"

मी तेव्हा हसून घेतलं. म्हटलं, तुमचं शास्त्र सोयीचं आहे. तुम्हीही हसलात आणि विषय संपला. पण आक्का, तोवर या घरच्या प्रत्येक कार्यात माझी ओळख 'धाकट्याची बायको, त्या बाजूची' अशीच करून दिली जायची. कुणी वाईट बोलायचं नाही, फक्त 'त्या बाजूची' म्हणताना हातानं माझ्या माहेराच्या दिशेला, खानापूरकडं कुठंतरी दाखवायचे. तुम्ही बिनमिठाच्या आमटीचा घास घेत मला त्या बाजूहून या बाजूला आणून बसवलंत, आणि तुम्हाला ते कळलंही नाही. किंवा कळलं असेल; तुमचं काही सांगता येत नाही. मी कधी बोलून दाखवलं नाही. आज सांगते. त्या एका वाक्यावर मी या घरात राहिले.

यंदा ज्येष्ठात तुम्ही दवाखान्यात होतात. कॉटवरून मला विचारलंत, "कपाटं सरकवली काय गं?" मी म्हटलं, "तुमी आल्यावर सरकवू." तुम्ही म्हणालात, "आणि मी आले न्हाय तर?" मग आपण दोघी शेजारच्या कॉटवरच्या बाईच्या नातवाबद्दल बोलत बसलो.

आषाढात तुम्ही गेलात. मग माणसं येत राहिली. ओल्या छत्र्या व्हरांड्यात, ओले कपडे घरभर दोऱ्यांवर, दारं लोटलेली. कुणाच्या मनात पान नव्हतं, माझ्याही नाही. माणसं पांगल्यावर लक्षात आलं की आप्पा मागच्या खोलीतून बाहेरच येत नाहीत. खिडकी घट्ट बंद, पंखा बंद. तुमचं कपाट भिंतीला चिकटून. मी खिडकीला हात घातला तर म्हणाले, "उघडू नगं, शैला. तिचा वास हाय आत."

ह्यांनी भावाला दोनदा समजावून बघितलं. "बिडु," म्हणाले आप्पा. सोड म्हणाले. जन्मात कुणाला शब्दानं न दुखवणारा माणूस, पण त्या 'बिडु'पुढं ह्यांची पावलं मागं फिरली. मग आप्पांना खोकला लागला. डॉक्टरांनी औषध दिलं, खोकला गेला नाही. पहाटे छातीत शिट्टी वाजायला लागली. ती शिट्टी मला ओळखीची होती, माहेरच्या बुरशीच्या घरात ऐकलेली, पण बंद दार ढकलायचं धाडस होईना.

काल ते अंघोळीला गेले तेव्हा मी आत गेले. दार उघडताक्षणी कळलं. कपाटाच्या मागून निघून ठिपके तुमच्या उशीच्या वरपर्यंत चढलेले. तुमच्या हिरव्या रेशमी साडीवर पांढरी साय धरलेली. आणि ते पान. बोट सोडवून घ्यावं लागलं.

आप्पा डोकं पुसत आले आणि मला कपाटाशी बघून दारातच थांबले. मी सांगून टाकलं.

"आप्पा, ह्यो आक्कांचा वास न्हाय. ह्यो बुरशीचा."

"तुला काय म्हाईत?"

"आक्कांच्या कपाटाला तंबाखूचा वास यायचा. ती साडी नेसून मी शाळेत गेलते तवा बाया तुमच्या भावावर संशय घेत हुत्या."

त्यांनी पान हातात घेतलं. नाकाशी धरलं. मग अगदी साधेपणानं विचारलं, "मग तिचा वास गेला कवा?"

मी एवढंच म्हटलं, "त्ये न्हाय म्हाईत. पर आक्कांनी ह्यो वास एक दिस ऱ्हाऊ दिला नसता."

ते उठून खिडकीशी गेले. लाकूड फुगून बसलेलं. त्यांच्यानं उघडेना, मी हात लावला, तरी उघडेना. शेवटी दोघांनी खांदा दिला तेव्हा करकरत उघडली आणि समोरच्या नारळाच्या झावळ्यांवरचा वारा आत आला. आप्पा खोकले, मग थांबले. मग खुंटीवरून तुमची तांदळाची पिशवी काढली. ती तिथंच होती, अर्धी भरलेली.

"मी बस्तीला जाऊन येतो," म्हणाले. "तू काय करायचं ते कर."

म्हणजे इतकी वर्षं पेपरामागून ते सगळं ऐकत होते.

मग मी केलं, आणि नीट केलं. हे काम मला येतं, आक्का, तुमच्यापुढंही मी हे कधी कमी करून सांगितलं नाही. तोंड बांधलं, साड्या एकेक करून व्हरांड्यात नेल्या, मऊ फडक्यानं पुसल्या, पावसाच्या उघडिपीत वाऱ्यावर टाकल्या. हिरवीचा काठ गेलाय, बाकीची वाचली. भिंत साबणानं, मग ब्लीचिंगनं. बाहेर जाऊन बघितलं तर छज्ज्याच्या कडेला भेग. यंदा ती बुजवायची राहिलेली, पाणी तिथनंच आत उतरत होतं. वरवर ती झाकून घेतलीय, ऊन पडलं की गवंडी बोलावते, आणि या भिंतीला चुनाच देते. ऐकलंत ना? चुनाच. एवढ्यानं फार खूश होऊ नका.

रडले ते साड्यांवर नाही, ठिपक्यांवरही नाही. कपाट पुढं ओढताना रडले. एकटीच्यानं ते हलेना. दरवर्षी दुसऱ्या टोकाला तुम्ही असायचात आणि "वड गं, वड, भात खाल्लास न्हवं?" म्हणून ओरडायचात. मी त्या टोकाकडं बघून तिथंच फरशीवर बसले आणि पोटभर रडून घेतलं. मग ह्यांना हाक मारली. कपाट आता भिंतीपासून हातभर पुढं आहे. जुडीतलं नवं पान टांगलंय. सकाळी चिमटीत धरून बघितलं, वाकतंय. मी धरून बघितलं, यंत्राकडं नंतर गेले.

आप्पा परत आले. उंबऱ्यावर थांबले, तुमच्याच जागी. आत न बघता विचारलं, "आतु?"

मान हलवून भागणार नव्हतं, ते बघतच नव्हते. तोंडावरचं फडकं सोडलं आणि म्हटलं, "आतु."

दिवस मावळायच्या आत जेवायला बसलो. तूरडाळीची आमटी केली होती. मीठ घालायच्या आधी मी माझ्यापुरती लहान पातेल्यात काढून ठेवली. का काढली ते नीट सांगता येणार नाही. बुरशी मारण्यात पाप नाही असं मी कालही मानत होते, आजही मानते, सोमवारी वर्गात तेच शिकवणार आहे. पण काल मी ती मारली आणि मीठ सोडायला घरात कुणी उरलं नव्हतं. ते मला सहन होईना.

आप्पांनी दोन पातेली बघितली. मोठ्यातली आमटी त्यांना वाढायला मी पळी उचलली, तर त्यांनी वाटी बाजूला घेतली आणि लहान पातेल्याकडं सरकवली.

"मला बी त्यातलीच घाल."

ह्यांनी आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि आपलीही वाटी पुढं केली. तिघांना पुरेल एवढी नव्हतीच. थोडी थोडी घेतली. खोली उघडी होती, वारा थेट ताटापर्यंत येत होता, आणि आप्पा जेवताना एकदाही खोकले नाहीत.

वाद तसाच आहे, आक्का. मी हार मानलेली नाही. फक्त एक विचारायचं राहून गेलं. अळणी आमटी इतकी बेचव लागते; तुम्ही माझ्यासाठी ती इतकी वर्षं कशी हो खाल्लीत?